तरुण कलमाला कल्टार: घालण्याआधी, घालताना आणि जास्त झाल्यावर

आमच्या कातळावरच्या बागेत हापूसची चाळीस कलमं आहेत. ती सहा वर्षांची असताना मी बाग दोन हंगामांसाठी खंडाने दिली. परत ताब्यात घेतली तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता आणि प्रत्येक कलम मोहोराने असं भरलेलं, की रस्त्याने जाणारे स्कूटर थांबवून बघत. मीही खूश होतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं काम केलेले एक म्हातारे काका आहेत. ते एका कलमाखाली उभे राहिले, फांदी खाली ओढली, पानं चाचपली आणि म्हणाले, "मोहोर खंयचो बघतस? दोन वर्सां झाली, कलम वीतभर वाढूक नाय."

त्यांनी दाखवलं ते आधी माझ्या नजरेतून सुटलं होतं. खंडकऱ्याने दोन्ही पावसाळ्यांत कल्टार हे वाढ अडवणारं औषध घातलं होतं आणि मोठ्या झाडांना जेवढं, तेवढंच या पोरवयाच्या कलमांनाही. पुढच्या तीन वर्षांत मी जे शिकलो, चुकलो आणि दुरुस्त केलं, ते इथे क्रमाने लिहितो. कल्टार वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, मोठ्या झाडांना मी आजही घालतो. पण कल्टार मोहोर आणून देत नाही. ते वाढ अडवतं आणि वाढीसाठी ठेवलेला साठा मोहोराकडे वळवतं. तरुण कलमाजवळ वळवण्याजोगा साठाच नसतो.

आधी हे औषध करतं काय

कल्टार हे एका कंपनीचं बाजारातलं नाव, पण कोकणात आता कोणत्याही कंपनीच्या बाटलीला तेच म्हणतात. आतला घटक पॅक्लोब्युट्राझॉल. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने शोधलेला हा रेणू ट्रायझोल कुळातला, म्हणजे भुरी या बुरशीच्या रोगावर आपण मारतो त्या हेक्झाकोनॅझोलचा भाऊबंद.

झाडाच्या वाढत्या शेंड्यात जिब्रेलिन नावाचं संजीवक तयार होतं. कोवळ्या पेशी त्याच्यामुळे लांबतात, दोन पानांमधलं अंतर वाढतं, फांदी पुढे सरकते. पॅक्लोब्युट्राझॉल जिब्रेलिन तयार होण्याच्या साखळीतली एक पायरी अडवतं. पानं फुटतात, पण एकमेकांना चिकटून. फांदी पुढे जात नाही. पालवीवर खर्च व्हायचं अन्न फांदीतच साठून राहतं, काडी लवकर पक्व होते आणि थंडी पडली की डोळा पालवीऐवजी मोहोराचा निघतो. हापूस मुळात वर्षाआड फळणारा. भरपूर फळलेल्या वर्षानंतर तो नुसती पालवी काढत बसतो. म्हणूनच या जातीला कल्टार इतकं लागू पडलं आणि दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीने ते कोकणात रुळलं.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. पहिली, हे औषध मुळांतून शोषलं जातं आणि पाण्यासोबत खालून वर चढतं. पानातून ते दुसऱ्या फांदीकडे किंवा मुळाकडे उतरत नाही, त्यामुळे ते मातीतूनच द्यायचं. दुसरी, ते पाण्यात फार कमी विरघळतं, मातीला धरून बसतं आणि महिनोन्महिने, कधी वर्षाहून जास्त काळ काम करत राहतं. खत जास्त पडलं तर पावसात वाहून जाईल अशी आशा असते, कल्टारच्या बाबतीत ती ठेवू नका.

पायरी १: कलम तयार आहे का, ते ठरवा

शिफारस दहा वर्षांवरच्या झाडांसाठी आहे. बाजारात आणि पारावर हा आकडा हळूहळू खाली सरकत आलाय. कोणी आठ सांगतो, कोणी "फळायला लागलं की घाला" म्हणतो. चांगलं जोपासलेलं कलम चौथ्या-पाचव्या वर्षी मोहोरतंच, म्हणून काय ते कमवायला पाठवायचं?

माझा हिशेब असा. पहिली चार वर्षं आलेला मोहोर खुडायचा. पाचव्या ते सातव्या वर्षी झाड आपणहून जे देईल ते घ्यायचं, तेही कलम अशक्त दिसलं तर निम्मं उतरवून. आठ ते दहा हा वाट बघण्याचा काळ. दहानंतर कल्टारचा विचार करायचा, आणि तोही नुसतं वय मोजून नाही.

बुंधा बघा. कलमाच्या जोडाच्या वर तो सरळ, भरलेला आहे का? चारही दिशांना मुख्य फांद्या आहेत का, की एकच बाजू वाढलीय? मागच्या पावसाळ्यात पालवी आली होती का? बुंध्यावर भिरूडाची, म्हणजे खोड पोखरणाऱ्या अळीची, भोकं किंवा भुसा दिसतो का? यातल्या एकाचंही उत्तर मनासारखं नसेल तर या वर्षी बाटली उघडू नका.

कातळावरची बाग असेल तर आणखी दोन वर्षं थांबा, असं मी सांगेन. सुरुंग लावून फोडलेल्या खड्ड्यात माती भरून लावलेल्या कलमाची मुळं बरीच वर्षं त्या खड्ड्यातच फिरतात. तिथे ओतलेलं औषध पसरायला जागा नसते, ते सगळंच्या सगळं मुळांना भेटतं. शिवाय डिसेंबरनंतर कातळ तापतो, पाणी नसतं आणि झाडावर फळांचं ओझं. गाळाच्या खोल जमिनीतलं दहा वर्षांचं कलम आणि कातळावरचं दहा वर्षांचं कलम कागदावरच सारख्या वयाचं असतं.

५ बाय ५ मीटरवर लावलेल्या घन लागवडीत झाडं लहान ठेवायचीच असतात, तिथे छाटणीबरोबर कल्टारही लवकर येतं. तो वेगळा कारभार आहे. दरवर्षी छाटणी, ठिबक, खतांचं वेळापत्रक हे सगळं जमणार असेल तर करा. १० बाय १० वर लावलेल्या बागेत त्याची अर्धवट नक्कल करू नका. दहा मीटरची जागा सोडायची आणि झाड तीन मीटरवर अडवायचं, हा जमिनीचाही तोटा.

पायरी २: फांदीवर लिहिलेला इतिहास वाचा

बाग विकत घेतली असेल, खंडावरून परत आली असेल किंवा भावाभावांत वाटून मिळाली असेल, तर आधी कोणी कल्टार घातलंय का हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. विचारून खरं उत्तर मिळेलच असं नाही, पण फांदी खोटं बोलत नाही.

आंब्याची वाढ सलग होत नाही, टप्प्याटप्प्याने होते. एक पालवी येते, लांबते, थांबते, जून होते, मग पुढची. प्रत्येक पालवी जिथून सुरू झाली तिथे फांदीवर बारीक वळ्यांचा एक पट्टा राहतो, बोटाने सहज जाणवतो. एक मोजपट्टी घ्या आणि शेंड्याकडून बुंध्याकडे येत दोन पट्ट्यांमधली अंतरं वहीत लिहून काढा. चार दिशांच्या चार फांद्या पुरेत.

निरोगी तरुण कलमात ही अंतरं साधारण वीतभराच्या आसपास येतात, थोडं इकडे-तिकडे. माझ्या कलमांत बुंध्याकडची अंतरं तशीच होती. मग अचानक तीन बोटं, परत तीन बोटं, मग दोन. जिथे अंतर तुटतं तिथे औषध पडलं. पुढच्या टप्प्यांची संख्या मोजली की कोणत्या पावसाळ्यात पडलं तेही अंदाजाने कळतं.

पानंही बघा. कल्टार जास्त झालेल्या कलमाची पानं लहान, जाडसर, गडद हिरवी आणि शेंड्याला गुच्छासारखी जमलेली असतात. काही वेळा कडा वळलेल्या किंवा पान चुरगळलेलं असतं. जस्ताच्या कमतरतेतही पानं लहान आणि झुपकेदार होतात, इथे बरेच जण फसतात आणि जस्ताचे फवारे मारत बसतात. फरक रंगाचा. जस्त कमी असेल तर शिरांच्या मधला भाग फिका पडतो. कल्टारचं पान उलट गरजेपेक्षा जास्त हिरवं दिसतं, म्हणून तर बघणारा म्हणतो, काय तब्येत आहे!

मोहोराचा आकार ही तिसरी खूण. नेहमीचा तुरा मोकळा, पसरट असतो. जास्त कल्टारचा तुरा आखूड, गच्च, मुठीसारखा. ढगाळ हवेत आणि दवात तो आतून वाळत नाही, फवारा आत पोहोचत नाही, मग भुरी आणि करपा तिथे घर करतात आणि तुडतुडे आत सुखाने बसतात. त्या पहिल्या हंगामात माझा निम्म्याहून जास्त मोहोर असाच काळा पडून गळाला. स्कूटर थांबवणारे तेव्हा कोणी आले नाहीत.

मातीत अजून औषध शिल्लक आहे का हे बघायला एक सोपी चाचणी आहे. कलमाचा बुंधा आणि फांद्यांची टोकं यांच्या मध्यावरची, वीतभर खोलीपर्यंतची माती घ्या. तशीच माती बागेबाहेरची, जिथे कधी काही पडलेलं नाही तिथली घ्या. दोन्हींत काकडीचं बी लावा, प्रत्येकी तीन-चार कुंड्या तरी हव्यात. पाणी, ऊन सारखं द्या. पंधरा ते वीस दिवसांत बागेतल्या मातीतली रोपं बुटकी, गडद हिरवी आणि जाड पानांची निघाली आणि बाहेरच्या मातीतली उंच झाली, तर औषध तिथे आहे. किती आहे हे यातून कळत नाही, आहे की नाही एवढं कळतं. या वर्षी घालायचं की नाही, हे ठरवायला तेवढं पुरतं.

पायरी ३: विस्तार मोजा, मग मात्रा काढा

वयावरून मात्रा ठरवायची नाही. बुंध्याच्या जाडीवरूनही नाही. विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर आहे: दर मीटरला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे शुद्ध पॅक्लोब्युट्राझॉल. नेहमीच्या २३ टक्के तीव्रतेच्या औषधात हे दर मीटरला ३ मिली होतं.

दुपारी बारा वाजता पडणाऱ्या सावलीवर विसंबू नका. फांद्यांच्या टोकापासून टोकापर्यंत पूर्व-पश्चिम एकदा आणि दक्षिण-उत्तर एकदा मोजा, सरासरी काढा. समजा एकीकडे ४.२ मीटर आले, दुसरीकडे ३.८. सरासरी ४ मीटर, मात्रा १२ मिली. प्रत्येक झाडाचा आकडा वहीत लिहा आणि बुंध्याला चुन्याने नंबर घाला. चाळीस झाडांना एक सकाळ लागते.

हे न केल्यामुळेच माझ्या बागेचं नुकसान झालं. माझी कलमं तेव्हा जेमतेम अडीच मीटर विस्ताराची. वयाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी त्यांचा हिशेब साडेसात मिलीचा होता. गडी हातात बाटली घेऊन फिरतो, झाडामागे टोपण मोजतो, मोठ्या झाडाला जितकी टोपणं तितकीच लहानाला. वीस मिली पडलं असेल तर ती जवळजवळ पावणेतीन पट मात्रा झाली. मोठ्या झाडाला अशी चूक एखाद्या वर्षी पचते, लहानाला पचत नाही.

बाटलीवरची टक्केवारी वाचाच. ४० टक्के तीव्रतेचं पॅक्लोब्युट्राझॉलही मिळतं. त्यात दर मीटरला ३ मिली धरलं तर जवळजवळ दुप्पट जाईल. तिथे हिशेब मीटरला पावणेदोन मिलीच्या आसपास बसतो.

सलग दोन-तीन वर्षं कल्टार झालेल्या झाडाला मी एक वर्ष विश्रांती देतो किंवा मात्रा निम्मी करतो. ते फांदीवरची अंतरं मोजून ठरवतो. शेवटची पालवी वीतभर आली असेल तर नेहमीची मात्रा, चार बोटं असेल तर निम्मी, त्याहून कमी असेल तर काहीच नाही.

पहिल्यांदाच घालत असाल तर सगळ्या बागेला एकदम घालू नका. पाच झाडं निवडा, शेजारची पाच तशीच ठेवा आणि एक हंगाम बघा.

पायरी ४: घालण्याची रीत

वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. माती ओली हवी, पण पाणी साचलेलं नको. मुसळधार पावसात घातलं तर औषध मुळांत जाण्याआधी उतारावर वाहतं आणि खालच्या झाडाला मिळतं. श्रावणातली उघडीप धरा, निदान काही तास पाऊस येणार नाही असं बघून.

आदल्या दिवशी झाडाखालचं गवत काढून घ्या, नाहीतर पहिला वाटा तेच खातं. बुंधा आणि फांद्यांची टोकं यांच्या मध्यावर बुंध्याभोवती गोल आखा. ४ मीटरच्या झाडाला बुंध्यापासून १ मीटरवर. त्या गोलावर सारख्या अंतराने पहारीने किंवा कुदळीने १० ते १२ सेंटिमीटर खोल २५ ते ३० भोकं पाडा. बारीक मुळं याच पट्ट्यात असतात. खूप खोल गेलात तर मुळं तुटतील, वरवर ओतलंत तर पावसाने जाईल.

बाटली चांगली हलवून घ्या, औषध तळाशी बसलेलं असतं. हे न केल्याने पहिल्या झाडांना पाणी आणि शेवटच्यांना गाळ जातो. मोजनळीने मात्रा काढा, टोपणाने नाही. झाडामागे ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळा आणि सगळ्या भोकांत सारखं वाटा. ५ लिटर पाणी आणि २५ भोकं असली तर भोकामागे २०० मिली, म्हणजे साधा पाण्याचा पेला. मग भोकं मातीने बुजवा.

बुंध्यावर ओतू नका. खतात मिसळून देऊ नका. हातमोजे घाला, डबे विहिरीवर किंवा ओढ्यात धुऊ नका. आणि झाडाच्या त्या गोलात पुढे दोन वर्षं भाजी, मिरची, हळद काही लावू नका, ती बुटकी राहील आणि कारण कळणार नाही. कलमांच्या मधल्या जागेत काजूची किंवा नारळाची रोपं लावायचा बेत असेल तर त्या गोलापासून ती लांब ठेवा.

पायरी ५: घातलंत, आता खायला घाला

कल्टार घातल्यावर साधारण तीन ते चार महिन्यांत मोहोर दिसू लागतो. नेहमीपेक्षा लवकर आलेला मोहोर म्हणजे लवकर येणारा आंबा, आणि फेब्रुवारीतल्या पेटीचा भाव मेमधल्या पेटीला मिळत नाही. लोक लहान झाडांनाही घालायला धावतात, ते त्यासाठीच.

या लवकरच्या पिकाचं बिल झाड भरतं. म्हणून कल्टारच्या बागेत खताची कसूर चालत नाही. पूर्ण वाढलेल्या, दहा वर्षांपुढच्या हापूसला वर्षाला ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, ५०० ग्रॅम स्फुरद आणि १ किलो पालाश ही शिफारस आहे. पहिल्या वर्षी याचा दहावा हिस्सा आणि दरवर्षी तेवढीच वाढ. म्हणजे आठ वर्षांच्या कलमाला ४० किलो शेणखत आणि १.२ किलो नत्र, जे युरियातून द्यायचं तर अडीच किलोच्या थोडं वर जातं. बरेच जण कल्टार नेमाने घालतात आणि खत जमेल तेव्हा. कल्टारमुळे झाड मेलं असं म्हणतात त्यातली कित्येक झाडं माझ्या मते उपासाने मेलेली असतात.

कल्टारच्या झाडावर कैऱ्या वाटाण्याएवढ्या झालेल्या असताना थंडी वाढली तर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची फळं गळतात. हा पुनर्मोहोर टाळण्यासाठी मोहोर फुललेला असताना आणि नंतर वाटाण्याच्या अवस्थेत ५० पीपीएम जिब्रेलिक आम्लाची फवारणी सांगितलेली आहे: २० लिटर पाण्यात १ ग्रॅम. त्याची पूड थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाण्यात ओता. गंमत बघा, जुलैत पैसे देऊन जिब्रेलिन अडवायचं आणि जानेवारीत पैसे देऊन तेच फवारायचं.

पायरी ६: जास्त झालंय, आता काय

अर्थात आधी थांबायचं. पण माझ्याकडून पहिल्यांदा झाली ती चूक तुम्ही करू नका: मी तीन कलमांच्या बुंध्याभोवतीची माती खणून काढायला गेलो. औषध असलेली माती काढून टाकू असा विचार. त्यात बारीक मुळंच तुटली आणि त्या तीन कलमांपैकी दोन उन्हाळ्यात वाळून गेली. माती तशीच राहू द्या, तिच्यात शेणखत आणि पाला जिरवा. सेंद्रिय पदार्थ हे औषध धरून ठेवतात आणि मातीतले जिवाणू सावकाश त्याचा फडशा पाडतात.

मग मोहोर काढायचा. हे मनाला सगळ्यात जड जातं. घरच्यांनी मला वेड्यात काढलं, आई म्हणाली, "आलेला मोहोर कोणी कापतं का रे?" तुरा बोटभर झाला की कात्रीने तळातून कापा. एकदा काढला तर कल्टारचं झाड पुन्हा काढतं, पुन्हा कापा. पूर्ण एक हंगाम, कलम फारच खंगलेलं असेल तर दोन. फळाला पोसणारी पानं आधी झाडाकडे असायला हवीत.

छाटणी मेअखेर, पाऊस लागण्याआधी. शेंड्याला जिथे पानं गुच्छासारखी जमलीत तो भाग, आणि त्याच्या खाली जिथून वीतभर अंतरं सुरू होतात, तिथपर्यंत फांदी मागे घ्या. जुन्या, लांब पेराच्या लाकडातले डोळे जास्त जोमाने फुटतात. सगळ्या फांद्या एकाच वर्षी कापू नका. पहिल्या वर्षी एक आड एक, बाकीच्या पुढच्या वर्षी. पानांशिवाय झाड उभं राहत नाही. कापलेल्या जागी बोर्डोपेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

वयाप्रमाणे नत्र द्या, पण अशक्त झाडाला एकदम नको, दोन हप्त्यांत: जूनच्या सुरुवातीला निम्मं, जोराचा पाऊस ओसरल्यावर बाकीचं. डिसेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी पाणी आणि बुंध्याभोवती गवताचं जाड आच्छादन. फळणाऱ्या झाडाला मोहोराआधी पाणी तोडतात, हे झाड फळवायचं नाही, म्हणून तोडायचं नाही.

पालवी फुटून दोन-तीन इंच झाली की ५० पीपीएम जिब्रेलिक आम्ल पालवीवर फवारा आणि पंधरा दिवसांनी परत. पहिल्यांदा एकाच झाडावर करून बघा. जिब्रेलिनची अडवलेली वाट ते बाहेरून भरून काढतं, कोवळ्या फांद्या लांबतात. मुळांमध्ये औषध असेपर्यंत पुढची पालवी परत आखूडच येऊ शकते, त्यामुळे एका फवारणीने काम झालं असं धरू नका. खत-पाण्याशिवाय नुसतं हे फवारलंत तर लांब, लुकड्या काड्या मिळतील.

या काळात दर पंधरवड्याला बुंधा बघत राहा. अशक्त कलम भिरूडाला लवकर सापडतं. बुंध्याच्या तळाशी भुसा दिसला की भोक शोधा, तारेने अळी काढा आणि भोक बुजवा. माझं गेलेलं तिसरं कलम कल्टारने नव्हे, याच भिरूडाने गेलं. मी पानांकडे बघण्यात इतका गुंतलो होतो की बुंध्याकडे लक्षच नव्हतं.

सुधारणा मोजपट्टीवर दिसते, डोळ्यांना उशिरा. पहिल्या पावसाळ्यानंतर माझ्या कलमांची नवी पेरं तीन बोटांची पाच बोटं झाली. दुसऱ्या वर्षी काही फांद्या वीतभर, काही अजून अडकलेल्या. एकाच झाडाची एक बाजू सुटते आणि दुसरी अडकून राहते, कारण औषध ज्या बाजूच्या मुळांत जास्त पडलं त्या बाजूच्या फांद्यांत जास्त चढलं.

खंडाने बाग देताना

बाग खंडावर देणाऱ्यांसाठी एवढंच वेगळं सांगतो. खंडकऱ्याचा हिशेब दोन-तीन हंगामांचा, तुमचा साठ वर्षांचा. त्याला झाड चाळीस वर्षं जगवायचं नाही. यात तो वाईट माणूस असतो असं नाही, पण कराराच्या कागदावर लिहिलेलं नसेल तर तो आपल्या फायद्याचं बघणारच. म्हणून लिहून घ्या: कोणत्या नंबरच्या झाडांना कल्टार घालायचं, कोणत्यांना अजिबात नाही, मीटरला किती, घालताना मालक हजर असेल, बाटल्यांची पावती मालकाकडे राहील, आणि शेणखत-खताचा खर्च कोणाचा. दहा वर्षांखालची कलमं करारात वेगळी दाखवा आणि त्यांच्या फळावर खंडकऱ्याचा हक्कच ठेवू नका. ज्या झाडाचं फळ आपलं नाही त्या झाडावर कोणी बाटली खर्च करत नाही.

सेंद्रिय प्रमाणपत्र घेतलेली किंवा घ्यायची असलेली बाग असेल तर तिथे कल्टार चालतच नाही. आंबा बाहेर पाठवणार असाल तर काय घातलं, कधी, किती याची नोंदवही हवीच. वाढ रोखणाऱ्या रसायनांचे अंश बाहेरच्या देशांत काटेकोर बघितले जातात. २०१० मध्ये आपल्याकडची द्राक्षं युरोपात अडली ती अशाच एका वाढरोधकाच्या, क्लोरमेक्वाटच्या अंशांमुळे.

माझ्या सदतीस कलमांपैकी एकोणतीस आता सरळ वाढतायत. आठ अजून बुटकी आहेत, त्यांचा मोहोर यंदाही कापला. काकांनी काल मोजपट्टी मागितली, एक फांदी स्वतः मोजली आणि काही न बोलता परत दिली. वहीत लिहिलं तेव्हा कळलं, एक वीत आणि दोन बोटं.